नाश्त्याला काय खाल्लं?

मी जयपूरला निघाले ती हवामहाल बघायला नव्हे, एक मुलगा नापसंत करायला. धाकट्या बहिणीचा, नलूचा फोन आला होता. "ताई, गौरी त्या टीव्हीवाल्यांत राहून बिघडली गं. बगरूचा कोणी कापडं छापणारा मुलगा आहे म्हणे. रविवारी पुण्याचं स्थळ तिला बघायला येतंय. तुझं ती ऐकते, तू ये." शाळेत तीस वर्षं मी मुलांना नापास केलेलं, माझ्याहून योग्य माणूस नलूला कुठे मिळणार होता? मिरज स्टेशनवर ह्यांनी गाडीत बसवून दिलं आणि नेहमीप्रमाणे बजावलं, "पोचलीस की काय खाल्लंस ते कळव." एकतीस वर्षांत या माणसाला दुसरा प्रश्न सुचलेला नाही.

नलूचे यजमान रेल्वेत. जयपूरला बदलीवर आले आणि इथल्या शास्त्री नगरातच रुजले. गौरी तिथेच वाढली, त्यामुळे तिच्या मराठीत भातातल्या खड्यांसारखी हिंदी लागते. "मावशी, आज आराम कर. मतलब, उद्या माझ्यासोबत सेटवर चल. तू स्वतःच बघ ना!"

हे ऐकून मला बरंच वाटलं. तेव्हा घरोघरी असले खेळ बघायचं वेड होतं आणि मीही बघायचेच.

सी-स्कीममधल्या एका बंगल्यात शूटिंग होतं. एका मुलाने आठ मुलींतून बायको निवडायची, असा खेळ. नवरदेव हिरवळीवर पेपर वाचत बसला होता. बोलावणं आल्यावर त्याने विचारलं, "आज किसके लिए रोना है?" नाव कळलं तसा तो सुंदर रडला. मागून विमान गेलं म्हणून पुन्हा रडला, तेही तितकंच सुंदर. घरी हेच बघून मी पदराला डोळे पुसले असते. मला स्वतःचाच राग आला.

खरी गंमत त्याआधीची. दिवे आणि माईक लावायला तासभर लागतो. तोवर नवरा-नवरी मेकअपला बसतात आणि त्यांच्या खुर्च्यांत त्यांच्याच उंचीची माणसं बसवतात. नवरीच्या जागी गौरी, कारण ती तिथे सहायक दिग्दर्शक. नवऱ्याच्या जागी महेंद्र, तोच बगरूचा मुलगा, सेटच्या पडद्यांचं छापील कापड घेऊन रोज येणारा. आवाज तपासणारा गृहस्थ कानाला हेडफोन लावून ओरडत असतो, "बोलते रहिए!" गप्प बसून चालत नाही.

"मग काय बोलता तुम्ही?" मी गौरीला विचारलं.

"पहिल्या दिवशी काही सुचेच ना. मी विचारलं, नाश्ते में क्या खाया? मग रोज तेच. तीन हफ्ते झाले, मावशी." एवढी धीट मुलगी, पण सांगताना खाली बघत होती.

त्या दिवशी गौरीला कोणीतरी हाक मारली आणि तिच्या खुर्चीत मला बसवलं. पदराला माईक अडकला. समोर महेंद्र. सडपातळ, बोटं नखांपर्यंत निळी.

"बोलते रहिए!"

मुली बघायला येणारे विचारायचे तसं मी विचारलं, "हात दाखवा बघू. ये रंग नहीं जाता?"

"काम छोड़ूँगा तो जाएगा, मौसीजी."

"गौरी को काम के लिए बंबई जाना पड़ा तो?"

"जाएँगी. कपड़ा भी सूखने तक रुकना पड़ता है. मैं रुक जाऊँगा."

उत्तर गोड होतं. पण सकाळपासून मी गोडच ऐकत होते, दोन-दोनदा. त्या खुर्चीत बसलेल्या माणसावर माझा विश्वास बसेना.

म्हणून दुसऱ्या दिवशी चादरी घ्यायच्या निमित्ताने एकटीच बसने बगरू गाठलं. महेंद्र सेटवर असणार, हे माहीत होतं. जिथे बघावं तिथे वाळत घातलेलं कापड, निळं, विटकरी. त्याचं घर विचारत गेले आणि दारातच ओल्या कापडाला पदर लागून माझ्या साडीवर एक निळं फूल उमटलं. त्याची आई हसत बाहेर आली. मी कोण ते सांगितलं नाही. गिऱ्हाईक म्हणून पाट मिळाला, चहा मिळाला.

"मुलगा मदत करतो का?" मी हिंदीत विचारलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. "मदद? तीन हफ्ता सूँ जीव खा गयो! रोज नई चीज मांगै छै. काल राबड़ी (ताकातली बाजरीची पेज), आज चीलड़ा (बेसनाचं धिरडं). पैली तो ठंडी रोटी में राजी छो. अब कहै, मां, कालवाळी चीज आज कोनी चालै. कांई हुयो ईं नै, राम जाणै!"

काय झालं होतं ते रामाखेरीज मलाही ठाऊक होतं. सकाळी गौरीला सांगायला रोज काहीतरी नवं हवं, म्हणून हा मुलगा आईला पहाटे चुलीशी बसवत होता. इथे दिवा नव्हता, माईक नव्हता, आणि बाई तर तक्रार करत होत्या. माझे डोळे भरून आले. धूर लागला म्हणाले.

चार चादरी घेऊन परतले आणि नलूला म्हटलं, "पुण्याला फोन कर. येऊ नका म्हणावं."

"तुला तोडायला बोलावलं होतं, जोडायला नाही!" नलू दिवसभर भांडी आपटत राहिली. भाजी नको इतकी तिखट केली. शनिवारी संध्याकाळी मात्र तिनेच पुण्याचा नंबर फिरवला. रविवारी महेंद्र आईला घेऊन आला. बाईंनी आधी मला ओळखलं, मग साडीवरचं फूल, आणि डब्यातलं चीलड़ं नलूच्या हातात देत त्या पोट धरून हसल्या. गौरी दाराआडून बघत होती. नलू अजून पुरती राजी नव्हती, पण तिने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

टीव्हीवरच्या नवरदेवाने कोणाला निवडलं, ते मी बघितलं नाही.

परतीच्या गाडीत दीड दिवस खिडकीशी बसून मी आमच्या संसाराचा विचार केला. हे कधी गोड बोलत नाहीत, ही माझी जुनी तक्रार. मिरजेला उतरले तर हे डब्यासमोरच उभे. पिशवी घेतली आणि म्हणाले, "काय गं, सकाळी काय खाल्लंस?"

एरवी मी "खाल्लं काहीतरी" म्हणून पुढे चालायला लागले असते. त्या दिवशी तिथेच थांबले आणि चहाच्या पहिल्या घोटापासून सगळं सांगितलं.