शांतवनच्या मुलीला रान शिकवताना

लढाई चालू असताना आमच्या पलटणीला वाळवंटात लढायचं शिक्षण दिलं आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात उतरवलं. मी तेव्हा नाईक होतो. माझं गाव भंडारदऱ्याजवळचं शेंडी, त्यामुळे रानाची सवय होती. सेक्शनमधली बाकीची माणसं सपाटीची. लान्स नाईक शांतवन सोनईचा, मिशनच्या शाळेत शिकलेला. नेमबाजीत कंपनीत पहिला. पण बाभळबनापेक्षा दाट झाडी त्यानं पाहिली नव्हती.

मी कंपनी कमांडरना विचारलं, "साहेब, जवानांना रानातल्या चार गोष्टी सांगू का? पाणी कसं शोधायचं, वाट चुकली तर काय करायचं?"

"ट्रेनिंग पूरी हो चुकी है, नाईक. डिसमिस."

त्याच आठवड्यात गस्तीवर असताना जपान्यांनी आमच्यावर गोळीबार केला. शिपाई गेणू आणि शिपाई कासम जागीच पडले. शांतवन बांबूच्या बेटात शिरला आणि आमच्यापासून तुटला. कॅम्पवर पोचताच मी सांगितलं, "साहेब, शांतवन जिवंत आहे. दोन माणसं द्या, घेऊन येतो." वायरलेसवर बटालियनला विचारलं गेलं. उत्तर आलं, "होल्ड पोझिशन. आउट."

परवानगी मिळाली ती चौथ्या दिवशी. तो सापडला तेव्हा संपला होता. भर उन्हाळा. अंगावर गोळीची जखम नाही. पाण्याची बाटली कोरडी. बुटांचे माग त्याच त्या जागेभोवती फिरलेले. उताराखाली, हाकेच्या अंतरावर, ओढा वाहत होता.

परेडवर साहेब म्हणाले, जवान घाबरला आणि स्वतःच्या चुकीनं मेला. मी सावधानमध्ये उभा होतो. मुठी पँटच्या शिवणीला. ते वाक्य आठवलं की अजून माझे दात आवळतात.

लढाई संपली, मी पलटणीतून सुटून घरी आलो आणि आधी सोनई गाठली. शांतवनची बायको दयाबाई तिथं शाळेत शिकवायची. मुलगी मार्था नऊ वर्षांची. मी काही न लपवता सगळं सांगितलं. दयाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जे ह्यांना कुणी शिकवलं नाही, ते मार्थाला शिकवा."

शांतवनचा थोरला भाऊ ओट्यावर बसला होता. "पोरीच्या जातीला रान कशाला? लोक काय म्हनतील?"

"तुमचा भाऊ पान्यावाचून मेला, तवा कुठं हुते लोक?" मी म्हणालो. तो उठून आत गेला.

दसरा झाल्यावर मायलेकी शेंडीला आल्या. रतनगडाच्या बाजूला, ओढ्यापासून उंचावर, मी मेणकापडी ग्राउंडशीटचा तंबू ठोकला. उजाडताच मार्थाला उठवायचो. ओलं लाकूड फोडून आतला कोरडा गाभा काढायचा. तंबू ओढ्याच्या पात्रात लावायचा नाही. पाणी हवं तर उताराकडे जायचं, थांबून कान द्यायचा, पाणी उकळूनच प्यायचं. वाट चुकली की बसायचं. पळायचं नाही. शिट्टी वाजवायची.

माझा आवाज परेडचाच होता. एकदा जाळ पेटेना म्हणून मी ओरडलो, तशी ती रडली.

दयाबाई म्हणाल्या, "भाऊ, शिकवताय की राग काढताय?"

राग मार्थावर नव्हताच. त्यानंतर मी आवाज खाली आणला. राग तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मार्था कारवीच्या झुडपांत काटक्या आणायला गेली आणि डोंगरावरून ढग उतरला. पाच पावलांवरचं दिसेना. मी हाक मारली. ओ आली नाही. दयाबाई धावत सुटल्या, मी त्यांचा दंड धरला.

"बाई, तंबू सोडू नका. हाका मारत ऱ्हा."

कारवी हातानं बाजूला सारत मी निघालो. तोंडातून शिव्या येत होत्या. ढगाला, साहेबाला, त्या वायरलेसला. थांबून कान दिला. काही नाही. पुढे गेलो, पुन्हा थांबलो. मग शिट्टी आली. बारीक, पण ठरल्यासारखी, थांबून थांबून.

ती एका कपारीत बसली होती. पाठ खडकाला, खाली वाळकं गवत, काटक्यांची मोळी मांडीवर. ओठ थंडीनं निळे.

"काका, मी हलले नाही."

"शाब्बास," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

परतताना तिनं विचारलं, "बाबांना हे कुणी सांगितलं होतं?"

"न्हाई."

"का नाही?"

मी पुढची कारवी बाजूला सारली. तिनं मोळी खाली आपटली. "एवढंच तर होतं, काका! बसायचं आणि शिट्टी वाजवायची!"

काटक्या मी वेचल्या. तिनं हात लावला नाही.

संध्याकाळी जाळाजवळ दयाबाईंनी प्रार्थना केली. शांतवनचं नाव घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी गेणूचं घेतलं, कासमचं घेतलं. घरी आल्यापासून ती नावं मी मोठ्यानं उच्चारली नव्हती.

"त्यांना मुलं आहेत?" मार्थानं विचारलं.

"कासमचं लगीन झालं नव्हतं. गेनूचा पोरगा हाय, पाथर्डीकडं."

"त्याला कोण शिकवतं?"

मी जाळात एक काटकी सरकवली.

"मग घेऊन या त्याला," ती म्हणाली.

पुढच्या थंडीत मी पाथर्डीला गेलो. गेणूच्या आईनं दार उघडलं. मी माझं नाव सांगितलं आणि मग तिच्या मुलाचं.