तृतीयेची भरती

पाचूबंदरच्या होड्यांवर तारीख कुणाच्या उपयोगाची नव्हती. भरती-ओहोटी चंद्रावर चालते, म्हणून चार-पाच दिवस समुद्रावर राहणाऱ्यांना निरोप तिथीनेच जात असे: अमुक तिथीच्या भरतीला या. निरोप आज पोहोचला की उद्या, याने त्यात फरक पडत नसे. पद्धत चांगली होती. चूक मी केली.

माझा थोरला भाऊ आमच्या आळीतला पहिला बी. एस्सी. मुंबईच्या एका संस्थेत पदार्थविज्ञानाच्या संशोधनासाठी एक जागा होती आणि त्याने अर्ज केला होता. उत्तर येईपर्यंत तो वडिलांबरोबर होडीवर जाई. मी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून नुकताच लागलो होतो. सुटीच्या दिवशी घरी येई.

अशाच एका सुटीत तिघे किनाऱ्यावर जाळे शिवत बसलो होतो. दादा सांगत होता की अणूच्या आतल्या कणाला स्वतःची अशी ठरलेली जागा नसते. दुसऱ्या कशाशी त्याची गाठ पडते तेव्हाच ती ठरते.

“मंग आमचा खुंट तसाच,” वडील म्हणाले. जाळे बांधायचा खुंट पाण्याखाली असतो, वरून काही दिसत नाही. “चर्चचा मनोरा नि डोंगराचं टोक एका रेघेत आलं, की जागा. धुकं पडलं की कसली जागा नि काय.”

दादाला हे इतके आवडले की त्याने सुई खाली ठेवली. “काही जणांना वाटतं, बाबा, खुद्द जागा आणि वेळसुद्धा तशीच असेल. दुरून सलग कापड, जवळ गेलं की जाळं. सगळीकडे एकच वेळ चालते हा समज तर आधीच गेलाय. पुढचं अजून कुणाला नक्की माहीत नाही. मला तेच करायचंय.”

“जाल्यात भोकाच जास्त. ते लोक पगार गाठीचा देनार का भोकाचा?”

“आधी बोलावू देत तरी.”

बोलावणे आले तेव्हा दोघे समुद्रावर होते. मी घरी होतो. मुलाखत सहाव्या दिवशी सकाळी होती. बोलावणे आले त्या दिवशी त्रयोदशी होती. दादा आदल्या दिवशी घरी हवा, म्हणून मी बोटांच्या पेरांवर पाच दिवस मोजले: चतुर्दशी, पौर्णिमा, प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. शेजारच्यांची होडी निघत होती. तिच्या तांडेलाला सांगितले, “दादाला म्हणावं, तृतीयेच्या भरतीला घरी ये. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत आहे.”

“नीट मोजलीस ना रे, पेपरवाल्या? का पंचांग बघू?”

“मोजली.”

शहरात नोकरी करूनही मला तिथी मोजता येतात, हे त्याला दिसावे असे मला वाटले होते. पंचांगात कधी एकच तिथी दोन दिवस येते; त्या पंधरवड्यात द्वितीया दोन दिवस होती, म्हणून तृतीया एक दिवस पुढे गेली. पंचांग शेजारच्या घरात खुंटीला टांगलेले होते. “आजपासून सहाव्या दिवशी” एवढे मी आईला सांगून ठेवले असते तरी भागले असते; तिने दिवस मोजून वेळेत दुसरा निरोप धाडला असता. आईलाही मी तृतीयाच सांगितली आणि कामावर परत गेलो.

दादा तृतीयेला दुपारी दोननंतर भरतीबरोबर किनाऱ्याला लागला. निरोपाप्रमाणे अगदी वेळेवर. आईने इस्त्रीचा सदरा काढून ठेवला होता. त्याने पत्र वाचले आणि आज तारीख काय, असे विचारले. घरात कुणाला सांगता आले नाही. तो शाळेच्या मास्तरांकडे गेला. मुलाखत त्याच दिवशी सकाळी होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी तो संस्थेत गेला. कारकुनाने ऐकून घेतले आणि म्हणाला, “जागा एकच होती, ती भरली. आणि तिथीवर आम्ही मुलाखती ठेवत नाही.” मग दादा माझ्या कचेरीत आला, एवढे सांगितले आणि चहा न घेता गेला. वडिलांनी मला एकदाच ऐकवले, “दर्या चुकला नाय. मी चुकलो नाय. तुझा भाऊ चुकला नाय.”

दादा होडीवरच राहिला. पुस्तके आईने कपाटावर ठेवली.

तीन-चार वर्षांनी वृत्तसंस्थेकडून एक लेख आला: नव्या पदार्थविज्ञानामुळे जागा आणि वेळ यांविषयीच्या कल्पना बदलण्याची शक्यता. भाषांतर माझ्याकडे आले. शंका होत्या, म्हणून कागद घेऊन घरी गेलो. दादा किनाऱ्यावर होता. त्याने हात पुसले आणि सगळे वाचले. “वेळ मुळात नाही, असे सिद्ध झाले आहे” या वाक्यातले “सिद्ध झाले आहे” खोडून त्याने “काहींना वाटते” असे लिहिले. बाकी ठीक आहे म्हणाला.

“कधी छापनार?” त्याने विचारले.

“मंगळवारी.”

“तिथी कोनती?”

मला माहीत नव्हती. त्याने बोटे न मोजता सांगितली आणि सुई उचलली.