मोठ्या गाडीचे जंपर, आमच्या छोट्या गाडीला

गॅरेजात गाडीचं काम रखडतं, किस्से मात्र वेळेवर तयार होतात! पनवेलजवळ नावड्याला भगवानच्या गॅरेजात दोन महिने चकरा मारल्यावर माझ्याकडे बरेच साठलेत.

मी निवृत्त प्राध्यापक, विषय यंत्ररचना. माझ्या बायकोच्या, सुलभाच्या, मणक्यातली चकती सरकलेली. गाडी एका खड्ड्यात आदळली की चार दिवस अंथरूण! वर्षभर ती गाडीत बसलेली नाही, चालवणं तर लांबच. म्हणून मोठ्या मॉडेलच्या स्प्रिंगा आणि जंपर, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर, बसवायचे ठरवले. ठरवलं मीच, आणि तेव्हापासून धास्ती. चुकलो तर भोगणार ती.

*

आधी मी चार पानं गणित मांडून नेलं. कुठल्या स्प्रिंगवर किती भार, सगळं. भगवानने पानं उलटसुलट पाहिली.

"सर, भारी हाय. पन यात काकी कुठं बसल्यात?"

मी फक्त ड्रायव्हरचं वजन धरलं होतं!

*

भगवानचं एक गिऱ्हाईक, मार्केटमधले साताऱ्याचे जाधव. हौसेने छोट्या गाडीला टेम्पोच्या स्प्रिंगा लावून घेतल्या. रिकामी गाडी सशासारखी उडायला लागली. उपाय म्हणून डिकीत कांद्याची दोन पोती.

आता त्यांची बायको रोज विचारते, "अवो, भाजीला कांदं काढू, का आज लांब जायचंय?"

*

आमचे जंपर बसले. दुसऱ्याच दिवशी मला टकटक ऐकू आली. तीनदा गाडी परत नेली. तिसऱ्यांदा भगवान गाडीखालून ओरडला,

"सर, इंजिन बंद हाय, गारी उभी हाय, तरी आवाज येतोय. जरा दात आवळा!"

मी आवळले. आवाज थांबला.

*

गॅरेजच्या दाराला एक तुटकी स्प्रिंग टांगलेली आहे. तुटल्यावर वेल्डिंगने जोडलेली, चालत्या गाडीत परत तुटलेली.

"गाडीत कोण होतं?" मी विचारलं.

"मीच," भगवान म्हणाला आणि पाना घेऊन गाडीखाली गेला.

*

शेवटी ट्रायल. तळोज्याचा कंपन्यांचा रस्ता, पुढेमागे केमिकलचे टँकर. मी म्हणालो, "सुलभा, आधी आम्ही जाऊन येतो. तू इथेच थांब."

"चौतीस वर्षं हेच शिकवलंत ना? मग मागे बसा," म्हणत ती थेट स्टिअरिंगवर! भगवान घाईघाईने तिच्या शेजारी बसला.

मी डोळे मिटले. जरा वेळाने म्हणालो, "अगं, स्पीडब्रेकरला सांभाळून हं!"

"सहा झाले."

"आणि पाठ?"

"कुणाची?"

मी डोळे उघडले. गॅरेजकडे परतायचं वळण मागे गेलं होतं, गाडी पनवेलकडे निघाली होती. भगवान घाबरून म्हणाला, "काकी, गॅरेजात गिऱ्हाइकं थांबल्यात!"

सुलभाने गाडी अलगद कडेला घेतली आणि भगवानकडे वळली.

"मग तुम्ही उतरा इथे."