उपवासाच्या पाकिटाची मागची बाजू

मी पाकिटं वाचते. हा माझा छंद नाही, पगार त्याचाच मिळतो. मानपाड्याच्या बाजूला औद्योगिक वसाहतीत खाण्याच्या वस्तूंची पाकिटं छापणारा एक कारखाना आहे. तिथे छपाईला जाण्याआधी प्रत्येक पाकिटाचं प्रूफ माझ्या टेबलावर येतं. पुढच्या बाजूला काय लिहायचं, गव्हाची लोंबी दाखवायची की हसणारी आई, ते गिऱ्हाईक आणि डिझाइनवाले बघतात. माझ्याकडे मागची बाजू असते. घटक पदार्थ, पोषणाचा तक्ता, हिरवा ठिपका, मुदत, कारखान्याचा पत्ता. अक्षरं इतकी बारीक की भिंग लावूनच बघावं लागतं. पाकिटाची पुढची बाजू म्हणजे लग्नातला फोटो आणि मागची म्हणजे आधार कार्डावरचा, असं मी नवीन मुलींना शिकवते.

अशा बाईबरोबर दुकानात जाणं सुखाचं नसतं, हे मला मान्य आहे. नवरा ट्रॉली घेऊन दोन रांगा पुढे जाऊन उभा राहतो, ओळख नसल्यासारखा. मुलीने बिस्किटाचा पुडा हातात घेतला की मी म्हणते, "उलट कर." बिचारी आता आपणच उलटा करते आणि वाचते. जे जास्त घातलंय ते यादीत आधी लिहितात, हे तिला शाळेत जायच्या आधी कळलं होतं. एकदा बाळकुमला नणंदेकडे गेलो होतो. तिने मोठ्या हौसेने 'पचनाला उत्तम' अशी बिस्किटं बशीत मांडली. पुडा टेबलावरच होता. मी तो उचलला आणि सगळ्यांसमोर वाचला: मैदा, साखर, पामतेल. मग कुठेतरी शेवटी चिमूटभर कोंडा. नणंद बशी आत घेऊन गेली आणि पोहे करून घेऊन आली. पोहे छान झाले होते. पण परतताना रिक्षात नवरा म्हणाला, "तू ना, कुणाच्या घरी जाऊन तरी वाचत नको बसूस."

ही अशी मी, आणि घरात माझे सासरे. बाबा आयुष्यभर ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. मूळ कोकणातले, समुद्राकाठच्या गावचे. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यानंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांना जगात एक गोष्ट मनापासून हवी असते, ती म्हणजे सकाळचं वर्तमानपत्र, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. डोळे गेल्यावर माझी मुलगी त्यांना वाचून दाखवायची, पण ती फक्त क्रिकेट वाचायची आणि बाकीच्या बातम्यांना "काही नाही आजोबा, राजकारण आहे" म्हणून पान उलटायची. ते हसायचे. पण ती शाळेत गेली की पेपर पुन्हा उघडून नाकाला लावून बसायचे, आणि मग घडी करून बाजूला ठेवायचे. ते बघवायचं नाही.

ऑपरेशन करायचं ठरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासणीत ब्लड प्रेशर घेतलं आणि आम्हाला परत पाठवलं. "आधी हे खाली आणा, तुमच्या डॉक्टरांचं पत्र आणा, मग बघू." आमच्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि मीठ कमी करायला सांगितलं. महिन्याने दाखवायला बोलावलं. सगळं आता त्या वरच्या आकड्यावर आलं. तो उतरला तर बाबांना पेपर मिळणार, नाहीतर नाही.

मी कामाला लागले. पापड बंद, लोणचं बंद, फरसाण बंद. गोड बिस्किटातसुद्धा मीठ असतं, हे मी तक्ता दाखवून सिद्ध केलं आणि तेही बंद केलं. बाबांनी सगळं मुकाट ऐकलं. फक्त संध्याकाळच्या चहाची वेळ झाली तेव्हा म्हणाले, "मग आता चहाबरोबर काय, पंचांग खाऊ?"

त्यांना चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत लागतं. म्हणून मी एका शनिवारी दुकानात गेले आणि तासभर एकेक पाकीट उलटत उभी राहिले. भाजलेलं, बेक केलेलं, नाचणीचं, सात धान्यांचं. सगळ्यांची मागची बाजू वाचली आणि सगळी परत ठेवली. सोडियमच्या ओळीत आकडे असे की बघूनच तहान लागावी. शेवटी दमून निघाले, तर कोपऱ्यात उपवासाच्या पदार्थांचं कपाट होतं. राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याच्या चकल्या आणि बटाट्याच्या सळीचा चिवडा. त्यावर ठळक लिहिलं होतं: उपवासाला चालेल, सैंधव मिठात बनवलेला.

आमच्या सासूबाई सोमवार धरायच्या, चतुर्थी धरायच्या. त्यांची सैंधवाची बरणी वेगळी असायची. कुणाला काही बरं नसलं की म्हणायच्या, "सैंधव घाल गं थोडं, ते बाधत नाही." लग्न होऊन आले तेव्हापासून हे ऐकत होते. उपवासाचं म्हणजे हलकं, उपवासाचं म्हणजे सोवळ्यातलं, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की जी बाई नणंदेच्या बिस्किटांची झडती घेते तिने तो चिवडा उलटून पाहिलाच नाही. सरळ दोन पाकिटं ट्रॉलीत टाकली. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणून आपणच उपवासवाल्यांना हसतो, पण त्या कपाटासमोर उभं राहिलं की हात आपोआप जोडले जातात.

चिवडा घरी आला आणि एक गोष्ट बदलली. आधी मी कामावरून आले की पर्स टाकून थेट ओट्याशी जायची. आता बाबांच्या वाटीतला चिवडा मी मोजून काढायची, थोडा मलाही घ्यायची आणि त्यांच्याबरोबर दहा मिनिटं चहाला बसायची. त्यांनी जास्त घेऊ नये म्हणून पहारा करायला बसायची, असं माझं म्हणणं. पण गप्पा व्हायच्या. ते कारखान्यातल्या भांडणांच्या गोष्टी सांगायचे, मी माझ्याकडच्या सांगायची.

महिन्याने प्रेशर तपासलं. जिथे होतं तिथेच. डॉक्टरांनी गोळी वाढवली. आणखी महिन्याने पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, "घरात पथ्य नीट चाललंय ना?" मी ताठ बसून म्हटलं, "घरातलं पथ्य माझ्याकडे आहे." त्यामुळे चूक घराबाहेर शोधणं आलं. बाबा रोज संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर मित्रांबरोबर बसतात आणि गेटबाहेर एक भजीवाला उभा असतो. नवऱ्याने त्याच दिवशी विषय काढला.

"बाबा, खरं सांगा. भजी खाता ना खाली?"

"मी कुठे गेलेलो भजीवाल्याकडे? अरे, मला समोरची रिक्षा दिसत नाही. भजी काय वासावर शोधू?"

"मित्र आणून देत असतील."

"ते स्वतःला पुरत नाहीत, मला काय देणार!"

नवरा हसला असता तर तिथेच मिटलं असतं. पण मला राग आला होता. दोन महिने मी सगळ्या घरादाराची जीभ बांधून ठेवली होती आणि हे असं फुकट जात होतं. मी म्हटलं, "तुम्हालाच डोळे नको असतील, तर आम्ही किती करायचं?" बाबांनी माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. मग भिंतीला हात लावत आत गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कट्ट्यावर जाणं बंद केलं. चहाला मात्र येऊन बसले. मी वाटी पुढे केली, त्यांनी ती घेतली. मला माझं बोलणं टोचत होतं, पण मागे घेण्याइतकं नाही.

त्यानंतर आठवड्याभरातच माझ्या टेबलावर एका नव्या गिऱ्हाइकाचं प्रूफ आलं. उपवासाचा बटाटा चिवडा. भिंग लावून मी तक्ता तपासत खाली आले आणि सोडियमच्या ओळीपाशी थांबले. आकडा चार अंकी. छापताना एखादं शून्य जास्त पडलं असणार, असं समजून मी लाल पेनाने गोल केला आणि गिऱ्हाइकाच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. तिने कागद काढून बघितला आणि म्हणाली, "बरोबर आहे मॅडम, छापा."

"अहो, पण उपवासाचा आहे ना हा? सैंधवाचा?"

"हो मॅडम. पण सैंधव मीठच असतं ना?"

इतकं साधं. तिने काही खोचकपणाने म्हटलं नव्हतं, पण माझे कान गरम झाले. मी लाल गोल खोडून बाजूला 'बरोबर' लिहिलं. त्या दिवशी भिंग पर्समध्ये घालून घरी नेलं, कपाटातलं आमचं पाकीट काढलं आणि पहिल्यांदा उलटलं. ज्या फरसाणाला मी घराबाहेर काढलं होतं त्याहून हा वरचढ होता. रोज मोजून मोजून मीच त्यांना तो वाढत होते. खारट तो मलाही लागायचा, पण सैंधवच ना, म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. घरी येताना वाटेत डॉक्टरांकडे जाऊन विचारून घेतलं होतंच. ते म्हणाले होते, "अहो, देवाला सैंधव वेगळं असेल, रक्ताला नाही. मीठ ते मीठ."

त्याच वेळी बाबांसमोर जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली आणि त्याहून जास्त, नवऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पाकीट कचऱ्यात टाकलं, वर कांद्याची सालं टाकली आणि बाबांना म्हटलं, "तो चिवडा आता मिळत नाही." ते म्हणाले, "बरं."

पुढच्या शनिवारी मी पुन्हा दुकानात तासभर उभी होते. या वेळी सगळी कपाटं सारखी मानली, देवाचीसुद्धा. बिनमिठाचे फुटाणे मिळाले, ज्यांच्या पाकिटामागे घटकांत एकच शब्द होता. बिनमिठाचे भाजलेले दाणे मिळाले. ज्वारीच्या लाह्यांचं पाकीट मिळालं, नुसत्या लाह्या, मसाल्याची पुडी नसलेलं. घरी आल्यावर त्यात कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची घातली आणि भरपूर लिंबू पिळलं. लिंबू असलं की मिठाची आठवण कमी येते, हे मला तेव्हा कळलं. बाबांनी पहिला घास घेतला, चावला आणि म्हणाले, "चालेल." मुलीनेही वाटी पुढे केली. आता ती आमच्या घरातली नेहमीची भेळ झाली आहे आणि नणंदेलाही आवडते. तिच्याकडे मी आता न वाचता खाते.

महिन्याने आकडा उतरला. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी थोडा उतरला. डॉक्टरांनी पत्र दिलं. गोळीने केलं की लाह्यांनी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ठाण्यात ऑपरेशन झालं, आधी उजवा डोळा, मग डावा. दवाखाना तिथून जवळ, म्हणून दोन्ही वेळा चार दिवस आम्ही बाळकुमला नणंदेकडे राहिलो. नणंदेने माझ्या हातात किराण्याची यादी देऊन टाकली आणि म्हणाली, "तूच आण बाई, तूच वाच."

डोळ्यांत औषध घालायचे दिवस संपले, नवा चष्मा आला आणि बाबांनी पेपर हातात घेतला. त्या सकाळी त्यांनी सगळं वाचलं. अग्रलेख, बाजारभाव, हरवले-सापडले, फ्लॅट भाड्याने देणे आहे. मुलगी म्हणाली, "आजोबा, आता मला कोण विचारणार?" ते म्हणाले, "तू क्रिकेट सांगत जा, ते मी वाचत नाही." घरात इतकं हलकं वाटत होतं, की मी त्या दिवशी शिरा केला.

पण मला तो शिरा नीट गोड लागला नाही. संध्याकाळी चहाला बसलो तेव्हा आम्ही दोघंच होतो आणि मी एका दमात बोलून टाकलं.

"बाबा, तेव्हा तुमचं प्रेशर उतरत नव्हतं ना, ते माझ्यामुळे. तो उपवासाचा चिवडा खूप खारट होता. मी मागे वाचलंच नव्हतं. आणि वर तुम्हालाच बोलले."

त्यांनी पेपरची घडी केली. "ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"खारट होता ते. पहिल्याच दिवशी कळलेलं. अगं, समुद्राकाठचा माणूस मी, मला मीठ कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत? ऑपरेशन अडलेलं! आम्ही नाही नाही ते बोललो तुम्हाला!"

त्यांनी लाह्यांची वाटी थोडी सरकवली, पुन्हा जागेवर ठेवली. मग म्हणाले, "ही गेल्यापासून माझ्यासाठी म्हणून वेगळं काही आणलेलं नव्हतं कुणी. तू तासभर दुकानात उभी राहून आणलेलास. खारट आहे म्हटलं असतं, तर तू म्हणाली असतीस, जाऊ दे, चहाबरोबर काही नकोच. मग तू कशाला बसली असतीस इथे?"

खरंच मी तसंच म्हटलं असतं. कप उचलला आणि तोंडासमोर धरून बसले, पूर्वी त्यांच्यासमोर कधी डोळे भरून आले की बसायची तशी. त्यांना तेव्हा कळायचं नाही.

"रडतेस?" ते म्हणाले. "आता दिसतं हं मला."