नारळ कुठल्या गावाला जायचा

माझी लेक वेल्समधल्या एका खेड्यात राहते. तिला मुलगा झाला आणि तिनं फोनवर मलाच पेचात टाकलं. त्या खेड्याचं नाव म्हणे इंग्रजीच्याही आधीच्या केल्टिक बोलीतलं; अर्थ, दोन ओढ्यांमधलं चर्च. तिथला पोस्टमनसुद्धा सांगतो.

"बाबा, आपल्या आडनावातलं गाव कुठलं, त्याचा अर्थ काय? कळलं तर बाळाला आपलं आडनाव लावते. नाहीतर जावयाचं आहेच तुमच्या."

शुक्रवारी नोंदणी होती.

आता आली का पंचाईत! जन्मभर छाती काढून सांगत आलो, आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. पण आडनावातलं गाव तिकडच्या नकाशात काही सापडेना. दोन दिवस इथं कानडी मुलुखात, जयनगरच्या घरात नुसत्या येरझारा घातल्या, बायकोवर उगाच खेकसलो. शेवटी तिनंच मला चामराजपेटेला अक्काकडे पिटाळलं.

अक्का म्हणजे माझी थोरली चुलत बहीण, नव्वदीची. चपला काढता काढताच मी विचारून मोकळा झालो. तिनं आधी स्वल्प कॉफी घे म्हणून बसवलं. मग मलाच विचारलं, लग्नाआधी ग्रामदेवतेचा नारळ आपण कुठं न्यायचो?

आठवत होतं की. यशवंतपूरच्या पुढं, बसनं, तळ्याकाठच्या देवीला. सातारा लांब, म्हणून ही जवळची सोय, असं मी धरून चाललो होतो.

"सोय कसली रे? तेच आपलं गाव. नाव कानडीच, अर्थ चिंचेचं तळं. 'कर' तेवढा आपण जोडला."

पूर्वज साताऱ्याहून आले असतील, पण आडनाव इथं पडलं, असं ती म्हणाली. मला संताप आला, तो माझाच. नावातलं कानडी मला कधीचं कळत होतं. पण साताऱ्याचा तोरा मिरवायचा होता ना!

तिथून तडक ऑटो केली. देवी सापडली, एक म्हातारी चिंचही. तळ्यावर मात्र इमारती होत्या आणि त्यांच्या दारात पाण्याचे टँकर उभे होते.

संध्याकाळी लेकीला सगळं सांगितलं, साताऱ्याची थापसुद्धा. आडनाव गेलंच, असं धरून बसलो होतो. तिनं एवढंच विचारलं, तळं आहे का अजून?

"नाही गं. बुजवलं."

"मग नाव तरी राहू दे, बाबा," ती म्हणाली.