तुळई उचलण्याआधी

नांदेडला मुलांच्या इमर्जन्सी वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर मला परीक्षेला बसायची दुर्बुद्धी सुचली. पिडियाट्रिक इमर्जन्सीचं सर्टिफिकेट असल्याशिवाय वॉर्डाची इन्चार्ज होता येत नाही, असं वरून आलं. मग काय, सुटीच्या दिवशी एसटी पकडून लातूर. लातुरात आता कशाचा क्लास नाही ते विचारा. भूकंपात औशाकडचं गाव गेलं आणि आम्ही इथं आलो, तेव्हा आमच्या गल्लीत दिवसा कुत्री झोपायची. आता घराघरावर मजला चढलाय आणि त्यात डॉक्टर होऊ घातलेली पोरं कोंबलीत. आमच्याही वर आहेत. आई त्यांचे डबे करते.

क्लासचे सर माझ्याहून बरेच लहान. म्हणायचे, "सिस्टर, केस वाचत बसू नका. शेवटची ओळ वाचा, पर्याय बघा, खूण करा, पुढं चला." माझं डोकं फिरायचं. जन्मभर आधी लेकराकडं बघायला शिकले, आणि हे म्हणतात लेकराकडं बघूच नका. पण मार्क वाढायला लागले, तशी मीही तसंच करायला लागले.

त्या रविवारी सराव परीक्षा होती. एका प्रश्नाची शेवटची ओळ होती, 'सर्वांत आधी काय कराल?' पर्यायांत होतं, 'वजन उचलण्याआधी सलाइन सुरू करणे.' खूण केली, पुढं गेले. पेपर लवकर संपला, म्हणून मागं येऊन केसेस वाचत बसले. त्या प्रश्नात लिहिलं होतं: भूकंपात कोसळलेलं घर. लहान मुलगी. दोन्ही मांड्यांवर तुळई. पहाटेपासून अडकलेली, पण शुद्धीवर आहे, बोलते आहे.

तो धडा मी त्याच आठवड्यात घोकला होता. बराच वेळ दाबलेल्या मांसात विष साठतं, वजन काढल्याबरोबर ते रक्तात उतरतं आणि हृदय थांबतं. सगळं तोंडपाठ होतं, आणि घरची आठवण एकदाही झाली नव्हती!

ती मुलगी आमच्याकडंही होती. माझ्या धाकट्या काकांची लेक. घराचं मातीचं माळवद खाली आलं, तुळई तिच्या मांड्यांवर पडली. उन्हं वर आली तरी ती आतून माझ्या आईला हाका मारत होती, "मोठी माय, पाय निघंना." शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माणसं गोळा केली आणि खांदा लावून तुळई उचलली. ती जिवंत बाहेर आली. आईनं तिला मांडीवर घेऊन तांब्या तोंडाला लावला, आणि ती गेली. मला लिंबाखाली बसवलं होतं. मी तांब्या तेवढा पाहिला.

उपाशी, घाबरलेल्या लेकराला एकदम पाणी पाजलं, म्हणून ते गेलं, असं सगळ्यांचं ठरलं. अण्णा अजून वरच्या पोरांना सांगतात, "जिवंत काढली होती म्या, जिवंत." हे सुरू झालं की आई उठून आत जाते. काकू, त्या पोरीची आई, आमच्याकडं येते, जेवते, पण पाण्याची बाटली स्वतःची आणते. आईच्या हातचं पाणी तिनं तेव्हापासून घेतलेलं नाही.

क्लासमधून मी जवळजवळ पळतच घरी आले. डोक्यात एवढंच होतं की आईला मोकळं करायचं. ती डबे भरत बसली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. विष, रक्त, हृदय, सलाइन. "आई, ती पाण्यानं नाही गेली. पाण्याचा काही संबंधच नव्हता गं!"

मला वाटलं, ती रडेल. तिनं हातातल्या डब्यात भाजी वाढली.

"मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"तुळई वर झाली अन् पोरगी ढिली पडली. पानी म्या मागून लावलं. घशाखाली उतरलंच न्हाई, समदं गालावरून गेलं."

"मग पाणी पाजलं, पाणी पाजलं, असं सगळ्यांना सांगितलं कुणी?"

"म्याच. तुझा बाप तुळईपाशी कपाळ बडवून राहिला व्हता. म्या काढली अन् गेली, म्या काढली अन् गेली. अन् तुझा काका त्याच्याकडं बघून राहिला व्हता. लई वंगाळ बघून राहिला व्हता. म्हून बोलले."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिचा राग आला. "आणि काकू? तिनं तुझ्या हातचं पाणी सोडलं, त्याचं काय?"

"भाऊ-भाऊ एका ताटात जेवले नव्हं, काका जाईस्तोवर?" आई म्हणाली. मग बाहेरच्या खोलीकडं बघून आवाज खाली घेतला. "तू पास हो माय. पर हे तुझ्या बापाला वाचून दाखवू नको. तुळई त्यानं उचलली व्हती."

तिनं उरलेले डबे माझ्यापुढं सरकवले. मी झाकणं लावायला घेतली. एकही नीट बसेना.