ऑर्व्हलचं आखूड शीड

ऑर्व्हल मॅकेना सव्वीस वर्षं आमच्या क्लबच्या बुधवारच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतींत उतरला आणि मोसमाचा कप त्याला एकदाही मिळाला नाही. सरोवरकाठच्या किंग्स्टनच्या धक्क्यावर हे सगळ्यांना पाठ आहे. त्याने वुल्फ बेटाच्या फेरीबोटीवर एकतीस वर्षं दोर बांधले, गाड्या ओळीने लावल्या. त्याच्या 'सँडपायपर' बोटीची शिडं दुसऱ्यांनी वापरून टाकलेली, आणि नांगर शेजाऱ्याच्या गॅरेजमधला.

माझी मुलगी मेव्ह एकोणीस वर्षांची आहे. दोन मोसम झाले, ती त्याच्या बोटीवर पुढचं शीड सांभाळते. तिला कुणाकडे पाठवावं याची मी महिनाभर चौकशी केली होती. उत्तर एकच यायचं: "ऑर्व्हलकडे दे. हरेल, पण पोरगी परत आणेल."

वारा फार वाढला की मोठं शीड थोडं उतरवून आखूड बांधतात. बोट कमी कलते, पण वेगही जातो. इतर बोटींवर हे कप्तान ठरवतो. ऑर्व्हलच्या बोटीवर पाचांपैकी कुणीही "आखूड" म्हटलं की लगेच हात लावायचा. का म्हणून विचारायचं नाही आणि मागाहून चिडवायचंही नाही.

पूर्वी असं नव्हतं. एकदा त्याची बायको नोरीन बोटीवर "आखूड कर" म्हणाली होती आणि तो हसला होता. दहा मिनिटांत शिडाची आडवी काठी गर्रकन फिरली आणि तिचा खांदा निखळला. खांदा बसला, पण नोरीन पुन्हा बोटीवर चढली नाही. दर बुधवारी ती सँडविचची पिशवी आणून धक्क्यावर ठेवते आणि गाडीत जाऊन बसते. हे तिनेच मला सांगितलं, गाडीची काच जरा खाली करून.

यंदा मात्र कप हाताशी आला होता. शेवटच्या शर्यतीत दंतवैद्य प्रुएटच्या पुढे राहिलं की झालं. पुन्हा संधी मिळणार नव्हती. ऑर्व्हलचे दोन्ही गुडघे गेलेत, हिवाळ्यात शस्त्रक्रिया आहे आणि बोट विकायला काढली आहे.

त्या संध्याकाळी सरोवर फेसाने पांढरं झालं होतं. वारा चोवीस नॉट. मी मेव्हला गाड्यांच्या आड ओढलं.

"पंचवीसच्या वर गेला तर आखूड म्हणशील. वचन दे."

"आई, कप आहे गं त्याचा!"

"वचन दे."

पुढचं मला गसने सांगितलं. तो फेरीबोटीवरचा ऑर्व्हलचा जुना सोबती, मोठ्या शिडाचा दोर त्याच्याकडे असतो. पहिल्या फेरीत ते प्रुएटच्या तीन बोटींच्या लांबीने पुढे होते. वळणाच्या तरंगत्या बोयाला वळसा घालून पुन्हा वाऱ्याच्या तोंडी आले, तेवढ्यात झपाटा आला. वाऱ्याचा काटा सव्वीसवर गेला. मेव्ह म्हणाली, "आखूड."

"मी बहिरा झालो होतो," गस म्हणाला. "पण ऑर्व्हल म्हणतो, पोरगी काय म्हणाली ते ऐकलंस ना? मग सोड दोर."

प्रुएट अख्ख्या शिडानिशी बाजूने निघून गेला. आणि मग वारा उतरला. मेव्हनेच विचारलं, पुन्हा चढवूया का? पण चढवण्यात जाणारा वेळ परवडणारा नव्हता. ऑर्व्हलने त्या तोकड्या शिडावर बोट अशी हाकली की गस म्हणतो, फेरीबोटीवरच्या एकतीस वर्षांत असला हात पाहिला नाही. प्रत्येक लाट त्याने टाळली, वाऱ्याची प्रत्येक झुळूक वसूल केली. तरी नऊ सेकंदांनी कप गेला.

धक्क्यावर प्रुएटचा एक गडी ओरडला, "ऑर्व्हल, शीड धुऊन आटलं का रे?"

"हो ना. नोरीन गरम पाण्यात टाकते!"

तो शीड गुंडाळत होता. मी जवळ गेले. "ती भ्याली नव्हती. मी वचन घेतलं होतं."

"ठाऊक आहे. बोलायच्या आधी तिने किनाऱ्याकडे पाहिलं."

"मग ऐकलंस कशाला?"

"का म्हणून विचारायचं नाही असं आहे," त्याने गाठ मारली. "ते मलाही लागू आहे. जा, आत मासे तळलेत, गार होतील."

कपानंतरच्या बुधवारी एक बिनगुणांची शर्यत असते, निव्वळ मजेची. ती त्याची अखेरची. वारा जेमतेम अठरा. सुटण्याआधी त्याने अख्ख्या धक्क्यासमोर मला हाक मारली, "काय गं, तुझं काय म्हणणं? आत्ताच सांग, पोरीच्या तोंडून नको."

"आई, प्लीज," मेव्ह म्हणाली.

"हिला पगारावर ठेव रे!" गस म्हणाला.

आठवडाभर मी मनाशी घोकलं होतं, काहीही झालं तरी गप्प राहायचं. पण तोंडातून निघालं, "आखूड."

सगळा धक्का हसला. ऑर्व्हल हसला नाही. त्या गुडघ्यांवर वाकून त्याने स्वतः शीड उतरवलं आणि नीट बांधलं. बाकी दहाही बोटी अख्ख्या शिडांनी बाहेर पडत होत्या.

ते नववे आले. नोरीन त्या दिवशी गाडीत गेली नाही. पिशवीतलं एक सँडविच तिने मागे ठेवलं होतं. बोट बोयाला वळेपर्यंत ती माझ्या शेजारी उभी होती, मग त्यातलं अर्धं तिने मला दिलं.